ठाणं नवं करायचंय? आधी बाकड्यावर बसा

मागच्या महिन्यात एका तरुण साहेबांचा फोन आला. नुकताच चार्ज घेतलेला, पोलीस ठाण्याच्या सुधारणेला पैसे मिळायची चिन्हं, त्यामुळे खुशीत होते. "काका, तुम्ही इथं चार वर्षं ठाणे अंमलदार होता म्हणे. काय काय करून घेऊ, सांगा." मी विचारलं, यादीत पहिलं काय लिहिलंय? म्हणाले, दर्शनी भागाला दगडी क्लॅडिंग आणि केबिनला एसी. म्हटलं, साहेब, रविवारी डबा घेऊन येतो, तोवर यादी खिशातच ठेवा.

त्या रविवारी जे बोलणं झालं तेच इथं मांडतोय. ३१ वर्षं खात्यात काढली. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार म्हणून साताऱ्यात निवृत्त झालो. मी इंजिनियर नाही. पण ठाण्याचं दार, कोठडी, जप्त केलेला माल ठेवायची मुद्देमाल खोली, वायरलेसची खोली आणि पाठीमागचं गळकं संडास, सगळीकडे राहून बघितलंय.

पहिलं काम फुकटातलं

अंदाजपत्रक करायला बांधकाम खात्याला पत्र देण्याआधी साध्या कपड्यात तक्रारदाराच्या बाकड्यावर बसा. एक दिवस आठवडी बाजाराचा घ्या आणि एक रात्र कुठलीही, रात्री दहा ते सकाळी सहा. हातात शंभर पानी वही. पानावर दोनच रकाने आखायचे: कोण आलं, आणि कुठं अडलं. बाकी काही लिहू नका.

साहेबांनी हे केलं. त्यांच्या वहीतली तीन वाक्यं सांगतो. "म्हातारी, पायरीवर बसली, आत आलीच नाही." "बाई, कडेवर मूल, काउंटरमागचा माणूस दिसेना म्हणून टाचा उंच करून बोलली." "पोरगा, मोबाईल हरवलेला, चार जणांना विचारलं, चौघांनी वेगवेगळी खोली दाखवली." एका रात्रीत ठाण्याचा निम्मा आराखडा तयार झाला, आणि त्यात क्लॅडिंग कुठं नव्हतं.

मला हे शहाणपण उशिरा आलं, तेही गुडघ्यातून. ऑपरेशननंतर वॉकर घेऊन पेन्शनच्या एका सहीसाठी त्याच ठाण्यात गेलो. दाराला तीन पायऱ्या. चार वर्षं रोज चढलो होतो, पण त्या तीन आहेत हे त्या दिवशी मोजलं. दोन पोरांनी मला खुर्चीसकट उचलून आत नेलं. पोरं हसत होती, मीही हसलो, पण घरी येईस्तोवर एकच विचार डोक्यात, की या चार वर्षांत किती माणसं त्या पायरीवरनं माघारी गेली असतील?

म्हणून पहिली ओळ रॅम्पची. यात फसगत फार होते. बहुतेक ठिकाणी दिसतो तो रॅम्प नसतो, मोटारसायकल आत घ्यायची घसरगुंडी असते. उतार बाराला एक पाहिजे. म्हणजे जोतं दीड फूट उंच असेल तर रॅम्प अठरा फूट लांब. एवढी जागा समोर नसेल तर मधे सपाट टप्पा घेऊन वळवा, पण उतार वाढवू नका. रुंदी चार फूट, दोन्ही बाजूंना कठडा. आणि पहिल्याच दिवशी रॅम्पच्या तोंडाशी कुणाची बुलेट लागली तर ती काढायला लावा. दुसऱ्या दिवशी दोन लागतात.

काउंटर, आणि उलटा फिरवलेला पडदा

जुना काउंटर चार फूट उंच असतो. त्यामागं बसलेला ठाणे अंमलदार समोरच्याला दिसत नाही, फक्त त्याचा आवाज ऐकू येतो. तो फोडा. निदान चार फूट लांबीचा भाग अडीच फुटांवर आणा, समोर दोन खुर्च्या ठेवा. माणूस बसून बोलला की आवाज खाली येतो, हे मी हजार वेळा पाहिलंय. उभा माणूस भांडतो.

दुसरी गोष्ट स्वस्तातली. ठाण्यात कॉम्प्युटर आहेत, सीसीटीएनएसवर, म्हणजे पोलिसांच्या गुन्हे नोंदवायच्या संगणक यंत्रणेवर, फिर्याद टाईप होते. त्याच कॉम्प्युटरला जोडून एक जादा मॉनिटर तक्रारदाराकडे तोंड करून ठेवा. लिहिलेलं वाचून दाखवायचं हे कायद्यातच आहे, पण रात्री दोन वाजता वाचून दाखवणारा आणि ऐकणारा दोघेही पेंगलेले असतात. डोळ्यासमोर अक्षरं उमटली की बाई स्वतःच सांगते, "साहेब, गंठण साडेतीन तोळ्याचं, तुम्ही अडीच लिवलंय." तो एक तोळा नंतर कोर्टात किती महाग पडतो ते वकिलांना विचारा.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी कामकाजाचा नवा कायदा, लागू झाली. तिच्या कलम १७३ नुसार हद्द कुणाचीही असो, फिर्याद घ्यावी लागते, आणि ऑनलाईन पाठवलेल्या फिर्यादीवर तीन दिवसांत सही घेतली की ती नोंदवता येते. म्हणजे ठाण्याचा ईमेल रोज उघडणारा एक माणूस नेमलेला पाहिजे. नावानिशी. "ऑफिस बघतं" असं उत्तर आलं की समजायचं, कुणीच बघत नाही.

बाई किंवा लहान मूल बोलायला आलं तर त्यांना हॉलमधे बसवू नका. एक खोली वेगळी काढा, अगदी दहा बाय दहाची चालेल. तिथून कोठडी दिसता कामा नये, दाराला बाहेरून कडी नको, आणि खिडकीला पडदा हवा. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात मुलाचा जबाब गणवेशात घ्यायचा नसतो आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचं नसतं. म्हणून खोलीतल्या खुंटीवर एक साधा शर्ट कायम टांगलेला असू द्या. हे मी एका महिला हवालदारांकडून शिकलो, त्या स्वतःचा दुपट्टा कपाटात ठेवायच्या.

त्यांचाच दुसरा मुद्दा. भरतीत महिलांना ३० टक्के आरक्षण आहे, पण जुनी ठाणी बांधली तेव्हा बाईमाणूस इथं नोकरी करेल असं कुणाच्या मनातही नव्हतं. एक संडास, तोही आवाराच्या टोकाला, दिवा नाही. बंदोबस्तावरून आलेल्या मुली शेजारच्या घरात जायच्या. महिलांसाठी वेगळं स्वच्छतागृह, कपडे बदलायची जागा, पॅड टाकायला झाकणाचा डबा आणि रात्रपाळीला पाठ टेकायला दोन खाटा हे एसीच्या आधी लिहा. संडासाचं दार आतून लागतंय का, ते स्वतः लावून बघा. बिल काढताना ते कुणी बघत नाही.

काळ्या दगडाची भिंत

आपल्याकडची बरीच जुनी ठाणी, कचेऱ्या काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या, वर सागाचे वासे आणि मंगलोरी कौलं. भिंतीला ओल आली की ठेकेदार सिमेंटचा गिलावा मारतो. ओल आतच कोंडते, दोन पावसाळ्यात फुगून पापुद्रे पडतात, मग पुन्हा गिलावा. चुन्याच्या भिंतीला चुनाच लावावा. आधी पन्हळ, कौल आणि पायथ्याचं गटार दुरुस्त करावं. निम्मी ओल तिथूनच असते. फॉल्स सीलिंग तर मुळीच नको. वर उंदीर मरतो, कौल गळतं, खाली कुणाला पत्ता नाही, आणि एक दिवस सगळं कॉम्प्युटरवर येतं.

पाडून नवं बांधायचा आग्रह धरणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. हा भूकंपाचा मुलूख आहे, ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या धक्क्यात तडे गेलेली घरं आमच्या वडिलांनी पाहिली. तेव्हा इमारत ठेवायची की पाडायची हे डोळ्यांनी न ठरवता स्ट्रक्चरल ऑडिट करूनच ठरवा. आणि या भागातल्या जुन्या कचेऱ्यांना इतिहास आहे. ३ सप्टेंबर १९४२ ला तासगावच्या, ९ सप्टेंबरला वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला. वडूजला गोळीबार झाला, परशुराम घार्गे हुतात्मा झाले. तुमच्या आवारात असा एखादा दगड असेल तर त्यावर ऑईलपेंट मारू नका एवढंच.

नदीकाठच्या ठाण्यांसाठी वेगळं सांगतो. ऑगस्ट २०१९ मधे मला सांगलीत बंदोबस्ताला पाठवलं होतं. तिथल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली कामगिरी उरकून परत आलो तर आमच्याच हद्दीतल्या एका चौकीत गुडघाभर पाणी येऊन गेलेलं. रजिस्टरं खालच्या कप्प्यात होती. आम्ही तिघांनी आठ दिवस पानं सुटी केली, मधे वर्तमानपत्राचे कागद घातले, पंख्याखाली वाळवली. शाईची पानं पुसली गेली होती, बॉलपेनची वाचली. तेव्हापासून सांगतो, पुराचं सर्वात उंच पाणी कुठवर आलं त्याची भिंतीवर तांबड्या रंगाने रेघ मारा, वर वर्ष लिहा. इन्व्हर्टर, बॅटऱ्या, कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारा डीव्हीआर, वायरलेस, रजिस्टरं, सगळं त्या रेघेच्या वर. कपाटाचा खालचा कप्पा रिकामा. जनरेटर ओट्यावर.

मुद्देमाल खोली

इथं जरा थांबतो, कारण याच खोलीनं माझी तीन वर्षं खाल्ली.

मुद्देमाल कारकून म्हणून चार्ज घेतला तेव्हा आधीच्या हवालदारांनी कुलूप उघडलं आणि म्हणाले, "बघ बाबा, आत सगळं हाय." होतंही. जमिनीवर कुऱ्हाडी, कोयते, हातभट्टीचे कॅन, रक्ताचे कपडे पोत्यात, मटक्याच्या चिठ्ठ्या, एक हार्मोनियम, आणि कोपऱ्यात कुणाचं तरी लोखंडी खाटलं. प्रत्येक वस्तूला सुतळीनं बांधलेलं पुठ्ठ्याचं लेबल. त्यातल्या कितीतरी लेबलांची वाळवीनं चाळण केली होती. नंबर गेला की वस्तू अनाथ. यादी जुळवायला मला एकोणीस दिवस लागले, आणि हार्मोनियम कुठल्या गुन्ह्यातलं ते अखेरपर्यंत कळलं नाही.

खोली सुधारायची तर अशी: लोखंडी रॅक, भिंतीपासून चार बोटं सोडून. प्रत्येक कप्प्याला रंगाने नंबर. लेबल पुठ्ठ्याचं नको, ॲल्युमिनियमची पट्टी घ्या, ठोक्यांनी उठवलेला नंबर, तारेनं बांधलेला. जवळ बारकोडचं यंत्र असेल तर उत्तम, पण बारकोडच्या शेजारी डोळ्यांनी वाचता येणारा गुन्हा नंबर पाहिजेच, कारण यंत्र बिघडतं आणि कोर्टाची तारीख पुढं जात नाही. रक्ताचे नमुने, व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले मृताच्या आतड्या-यकृताचे भाग) यांना वेगळा कुलूपबंद फ्रिज, आणि तो इन्व्हर्टरवर. त्यात कुणाचं दही दिसलं की त्याच दिवशी बोलायचं. ज्वालाग्राही माल मुख्य इमारतीत ठेवूच नका. दार एकच, कुलपं दोन, चाव्या दोघांकडे.

पण रॅक कितीही आणा, आवक थांबत नाही. खरी सुधारणा माल बाहेर काढण्यात आहे. नव्या संहितेचं कलम ४९७ सांगतं की कोर्टापुढं मुद्देमाल हजर झाला की १४ दिवसांत त्याचं वर्णनपत्र, फोटो किंवा व्हिडिओ घ्यायचा आणि मग ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. आवारात गंजणाऱ्या गाड्यांबद्दल तर सुप्रीम कोर्टानं सुंदरभाई देसाई प्रकरणात २००२ मधेच सांगितलंय की त्या ठाण्यात वर्षानुवर्षं ठेवण्यात अर्थ नाही. महिन्यातला एक शनिवार फक्त यासाठी ठेवा. दहा वस्तूंचे अर्ज तयार करून सोमवारी कोर्टात. दर महिन्याला दहा. आम्ही हे वर्षभर केलं आणि आवारात इतकी जागा झाली की पोलीस लाईनीतल्या पोरांनी तिथं स्टंप ठोकले.

कॅमेऱ्याचं गणित स्वतः करा

सुप्रीम कोर्टानं २ डिसेंबर २०२० ला परमवीर सिंग सैनी प्रकरणात प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितलं. आत यायचे-जायचे सगळे मार्ग, कोठड्या, बोळ, हॉल, अधिकाऱ्यांच्या खोल्या, आवाराचा मागचा भाग, स्वच्छतागृहाच्या बाहेर, कुठलाच भाग सुटता कामा नये. आवाजासकट, रात्री दिसणारे. आणि साठवण १८ महिन्यांची, बाजारात तशी सोय नसेल तर निदान एक वर्ष.

आता व्यापारी येतो आणि १६ कॅमेरे, ४ टीबीची डिस्क असा भाव देतो. कागद-पेन्सिल घ्या. एका कॅमेऱ्याला १ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला एक मेगाबिट, एवढाच वेग धरला तरी दिवसाला साधारण ११ जीबी होतात. सोळा कॅमेऱ्यांचे दिवसाला १७० जीबीच्या वर. म्हणजे ती ४ टीबीची डिस्क २३ दिवसांत भरते आणि चोविसाव्या दिवशी पहिला दिवस पुसते. अठरा महिन्यांना नव्वद टीबीच्या पुढं साठवण लागते. हा आकडा निविदेत लिहिला नाही तर पुढं कोर्टानं फूटेज मागितल्यावर उत्तर तुम्हालाच द्यायचंय, व्यापाऱ्याला नाही.

डीव्हीआर कुलूपबंद पेटीत, पण हवा खेळती. घड्याळ बरोबर आहे का, हे दर सोमवारी बघायचं. मी एका खटल्यात बारा मिनिटं पुढं असलेल्या घड्याळापायी दीड तास पिंजऱ्यात उभा होतो. आरोपी कुणी दुसराच होता, तरी उलटतपासणी माझीच चालली होती.

विजेचं थोडक्यात: काउंटर, कॅमेरे, वायरलेस, सीसीटीएनएस आणि कोठडीचा दिवा एवढं वेगळ्या वायरीवर घेऊन इन्व्हर्टरला जोडा. गिझर आणि केबिनचा एसी त्यावर कुणी चढवू नये म्हणून त्या बोर्डाला तांबडा रंग. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालायला विसरू नका. माण-खटावात ती माती मेमधे दगडासारखी होते.

११२ ला आपली वाडी कळली पाहिजे

राज्यात आता ११२ चा कॉल आधी मोठ्या केंद्रात जातो, मुख्य केंद्र नवी मुंबईत, दुसरं नागपूरला. तिथून तो तुमच्या गाडीतल्या पडद्यावर येतो. यंत्रणा चांगली आहे. पण तिथं फोन घेणाऱ्या मुलीला शिंदेवाडी म्हणजे कुठली शिंदेवाडी हे कसं कळणार? एकाच तालुक्यात एका नावाच्या दोन-दोन वाड्या. माणूस घाबरलेला असतो, सांगतो "बिरोबाच्या देवळाजवळ, डीपीपाशी." बिरोबाची देवळं माणदेशात मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल.

म्हणून ठाण्यात एक वाडी-वही करा. प्रत्येक बीट अंमलदारानं पोलीस पाटलांबरोबर बसून आपल्या बीटातली प्रत्येक वाडी, वस्ती, मळा, तांडा लिहायचा. लोक कोणत्या नावानं ओळखतात, सरकारी नाव काय, गाडी कुठवर जाते, पावसात रस्ता कुठं तुटतो, जवळची ठळक खूण कोणती. जमेल तिथं मोबाईलवरून अक्षांश-रेखांश. ऊसतोडीच्या हंगामात टोळ्यांच्या खोप्या कुठं पडल्यात ते दर महिन्याला नव्यानं. ही वही गाडीवरच्या अंमलदाराच्या फोनमधे आणि काउंटरवर कागदावर. नवीन भरतीतला पोरगा पहिल्या रात्री रस्ता चुकत नाही.

वायरलेसचं म्हणाल तर पश्चिमेकडच्या डोंगरात सेट कुठंही मुका होतो. नवे डिजिटल सेट आले तरी डोंगर तिथंच आहे. नवीन रिपीटर (हाक पुढं पोचवणारं यंत्र) मागण्याआधी गाडी घेऊन प्रत्येक बीटातून कंट्रोलला हाक द्या, कुठं ऐकू गेलं, कुठं नाही, ते नकाशावर टिंबांनी मांडा. माझा अनुभव असा की तक्रारीच्या चार पत्रांनी जे होत नाही ते टिंबांच्या एका नकाशानं होतं.

दवंडीवाल्याकडून शिका

लोकांपर्यंत निरोप पोचवणं हे खरं अवघड काम, आणि त्यावर खर्च सगळ्यात कमी होतो.

सांगलीच्या त्या पुरात मी जीपवरच्या भोंग्यातून बोलत होतो. "सर्व नागरिकांना सूचित करण्यात येते की नदीच्या पाणीपातळीत सातत्याने वाढ होत असल्याने सखल भागातील..." गाडी चालूच. पाऊस पत्र्यावर वाजतोय. एका म्हाताऱ्यानं हात करून थांबवलं आणि विचारलं, "मर्दा, जायाचं का ऱ्हायाचं, ते सांग की." मला लाज वाटली. आमच्या लहानपणी गावात हलगी घेऊन दवंडी देणारे यायचे. ते चालता चालता कधी बोलायचे नाहीत. तिकटीवर थांबायचे, हलगी वाजवायची, माणसं दारात येईपर्यंत गप्प. मग गल्लीचं नाव, मग बातमी, मग परत तीच बातमी.

तेव्हापासून माझा नमुना असा आहे:

"खालची आळी, खालची आळी. पोलीस ठाण्यातून बोलतोय. आज मंगळवार, दुपारचे चार वाजलेत. रात्री आठपर्यंत पाणी मारुतीच्या पायरीला लागेल. म्हातारी माणसं, लेकरं आणि जनावरं सहाच्या आत हायस्कूलवर न्या. औषधं आणि कागदपत्रं बरोबर घ्या. पुन्हा सांगतो."

गाडी उभी, इंजिन बंद. सांगलीकर आपसात "आयर्विनला किती?" असं विचारतात, आणि किती फुटाला पाणी आपल्या दारात येतं हे त्यांना पाठ असतं. तिथं फूट सांगा. जिथं हे पाठ नाही तिथं देवळाची पायरी सांगा. जत तालुक्याच्या सीमेवरच्या गावांत हाच निरोप कानडीतही हवा, तिथल्याच माणसाच्या आवाजात. रेकॉर्ड करून ठेवला तर दर वेळी माणूस शोधावा लागत नाही, पण दिवस आणि वेळ मात्र ताजी बोलून जोडा.

आपल्या भागात बऱ्याच गावांनी ग्राम सुरक्षा यंत्रणा घेतली आहे. टोल फ्री नंबरवर फोन केला की बोलणाऱ्याच्या आवाजात निरोप गावातल्या सगळ्या नोंदवलेल्या मोबाईलवर एकदम जातो. चोर आले, बिबट्या दिसला, आग लागली, सगळ्यांना उपयोगी. हिची दुखणी दोन. लोक नंबर बदलतात आणि यादी जुनीच राहते. आणि वर्षभर एकदाही सराव होत नाही, त्यामुळे खरा निरोप आला की लोक तो कंपनीचा फोन समजून कट करतात. दर तीन महिन्यांनी ग्रामसभेच्या दिवशी एक सरावाचा कॉल, आणि त्यानंतर ज्यांना आला नाही त्यांचे नंबर तिथंच लिहून घ्या.

अफवेचं काम निराळं. सप्टेंबर २०२२ मधे जत तालुक्यात विजापूरहून पंढरपूरकडं निघालेल्या चार साधूंना मुलं पळवणारे समजून मारहाण झाली. अफवा गावात आधीच फिरत असते, माणसं नंतर तिच्यात सापडतात. तिला उत्तर द्यायला पोलीस पाटलांचा एक व्हॉट्सअप ग्रुप पुरे, पण त्यात फक्त ठाण्यानं लिहायचं, सुप्रभातचे फोटो बंद. उत्तर मजकुरात नको, आवाजात द्या, तीस सेकंदांच्या आत, तारीख आणि वेळ बोलून. साहेबांचा आवाज लोकांनी आधी यात्रेत, शाळेत ऐकलेला असेल तरच त्याला वजन येतं. आणि अफवेचा मूळ फोटो त्यावर फुली मारूनसुद्धा पुढं पाठवू नका, गावात फुली कुणी बघत नाही.

फलक

दर्शनी भागात शुभेच्छांचे फ्लेक्स नकोत. तिथं एकच फलक, दहा फुटांवरून वाचता येईल एवढी अक्षरं. आणीबाणीला ११२. पैशांची ऑनलाईन फसवणूक झाली तर १९३०, आणि त्याच्या शेजारी ठळक, "लगेच करा, उद्या नको." मुलांसाठी १०९८. मोफत वकिलासाठी १५१००. फिर्यादीची प्रत फुकट मिळते ही ओळ. लोकसेवा हक्क कायद्यातल्या सेवा, मुदत आणि अपील कुणाकडं ते. नव्या संहितेच्या कलम ३७ प्रमाणे अटकेतल्या माणसांची माहिती ठेवणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव. कॅमेरे चालू आहेत याची सूचना.

फ्लेक्स दोन उन्हाळ्यांत पांढरा पडतो. गावातल्या पेंटरकडून पत्र्यावर रंगवून घ्या. जिथं माणसाचं नाव येतं तिथं सरकत्या पट्टीची खाच ठेवा, बदली झाली की पट्टी बदलायची. तीन साहेबांपूर्वीचं नाव फलकावर बघून आलेला माणूस आत त्यांनाच शोधत फिरतो.

पैसा

मोठं बांधकाम असेल तर राज्याचं पोलीस गृहनिर्माण व कल्याण महामंडळ आहे. दुरुस्तीला सार्वजनिक बांधकाम विभाग. केंद्राची पोलीस आधुनिकीकरणाची योजना १९६९-७० पासून चालू आहे, ती वरून येते. आपल्या हातातलं दार म्हणजे जिल्हा नियोजन समिती. तिथं "आधुनिकीकरण" असा मोघम शब्द लिहून जाऊ नका. बाकड्यावरची वही घेऊन जा, रॅम्प अठरा फूट, रॅक सहा, साठवण इतके टीबी, असं लिहा. प्रत्येक यंत्राबरोबर पाच वर्षांची देखभाल अंदाजपत्रकातच धरा, नंतर ती कुणी देत नाही.

देणगीबद्दल सावध. एका ठाण्याला एका बड्या माणसानं स्टीलची बाकडी दिली, पाठीवर त्यांचं नाव कोरलेलं. वर्षाच्या आत ते गृहस्थ फसवणुकीच्या गुन्ह्यात चौकशीला आले आणि स्वतःच्याच नावाला पाठ टेकून चार तास बसले. येणाऱ्या-जाणाऱ्याला हसू आवरेना. फिर्यादी मात्र हसला नाही, त्यानं मला हळूच विचारलं, "ठाणं त्यांचंच हाय का?"

शेवटी एक वही

सगळं उभं राहिलं की एक हँडओव्हर वही करा. इन्व्हर्टरची बॅटरी कधी बदलली, पाण्याच्या फिल्टरची तारीख, देखभालीचा करार कधी संपतो, मुद्देमाल खोलीची दुसरी चावी कुणाकडं. प्रत्येक ओळीसमोर एका माणसाचं नाव, पदाचं नव्हे, आणि बदली झाली की खाली नव्या माणसाची सही. पासवर्ड मात्र या वहीत नको, तो सीलबंद पाकिटात, साहेबांच्या कपाटात.

पाकिटाचं का सांगतो, ऐका. आमच्याकडं एकदा फूटेज काढायची वेळ आली आणि डीव्हीआरचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही. ज्या उपनिरीक्षकांनी तो टाकला होता त्यांची बदली गडचिरोलीला. फोन लावला तर रेंज नाही. तिसऱ्या दिवशी रात्री साडेदहाला त्यांचाच फोन आला, मागं पाऊस कोसळत होता. पासवर्ड होता त्यांच्या मुलीचं नाव आणि पुढं १२३.